पाठ टेकायची भिंत

जमिनीपासून २ फूट चिखलाचे, असं माझ्या उस्तादांनी शिकवलं. पावसाळ्यात गाड्यांचे शिंतोडे तिथवर उडतात. त्यावर साडेपाच फुटांपर्यंत माणसांचा हक्क: पाठ, खांदे, तेल चोपडलेलं डोकं. पेंटरची अक्षरं त्याच्याही वर.

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली. मागोमाग टेल्को, बजाज. रहाटणीतल्या एका लांब भिंतीपाशी कंपन्यांच्या बसगाड्या थांबायच्या. पहिल्या पाळीची माणसं पायांत डबा ठेवून भिंतीला टेकलेली. त्यांच्या डोक्यांवर मी बनियन, सिमेंट, खतं लिहिली. निळीत घोळवलेलं सूत दोघांनी ताणून मारायचं, त्या रेघेवर शिरोरेखा, मग अक्षरं खाली सोडायची. प्लास्टर खरबरीत असलं तर ब्रश जरा ओला ठेवायचा, नाहीतर काठ फाटतो. ‘ळ’ची गाठ मनासारखी बसली की चहा सांगायचा. अजूनही जुन्या बोर्डावरचा ‘ळ’ बघून पेंटर कुणाच्या हाताखाली शिकला ते मी ओळखतो.

फ्लेक्स आला आणि एका रात्रीत चौकाचौकात भावी नगरसेवक उगवले. आमचा धंदा बसला. पुढे स्वच्छ भारतच्या निमित्ताने भिंतींना चित्रं हवी झाली. इथे विषयांना तोटा नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, चिंचवड चापेकरांचं, निगडीत शिवराय-तुकोबांच्या भेटीचं शिल्प. वारकरी तर मी झोपेतही काढीन.

रहाटणीच्या त्या भिंतीमागे ज्वारी होती. आता १४ मजले आहेत. सोसायटीला वारकरी हवे होते, तेही थेट जमिनीपर्यंत. मी म्हटलं, “खाली मळखाऊ रंग घेऊ.”

“आता इथे उभं कोण राहतं?” सेक्रेटरी म्हणाले.

खरंच होतं. बसथांबा हलला होता, चहाची टपरीही. ३ वर्षं धोतरं पांढरीशुभ्र राहिली. येता-जाता बघायचो, कामाचं समाधान काही होईना.

यंदा टचअपला बोलावलं. एका वारकऱ्याच्या कमरेवर तेलकट गोल डाग. खाली वॉचमनची खुर्ची. काका गडबडीने उठले. “माझंच डोकं टेकतं हो तिथं. रात्रपाळीला डुलकी लागते.”

डाग घासून काढला, प्रायमर मारला. मग त्या एकाच वारकऱ्याच्या खांद्यावरून गुडघ्यापर्यंत काळी घोंगडी ओढली. बाकीच्यांना ठेवलं तसंच पांढरं.

“२ दिवस ओलं आहे,” काकांना सांगितलं, “तोवर खुर्ची जरा पुढे घ्या.”