तीन पावलांची समजूत

लेक नोकरीसाठी रोमानियात गेली तेव्हा त्या देशाविषयीचं आमच्या घरचं ज्ञान ड्रॅक्युला आणि नादिया कोमानेच या दोन नावांत संपत होतं. 2019 च्या मे महिन्यात मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. तिचं शहर क्लुज-नापोका, ट्रान्सिल्व्हेनियातलं. शहरातून धाकटी सोमेश नावाची नदी वाहते. आमच्या वाड्यावर दोन सोमेश आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला तिथं थोडं घरच्यासारखं वाटलं.

पोचल्यावर लेकीने घरमालकिणीशी ओळख करून दिली. "बाबा, ही माझी गाझ्दा." साठीच्या पुढची बाई, केस पांढरे, हातात चेरीची वाटी. गाझ्दा म्हणजे ज्याच्या घरात आपण राहतो तो, किंवा ती. स्लाव्ह भाषांतून हा शब्द हंगेरियनमध्ये गेला आणि तिथून रोमानियनमध्ये आला. बाईंचा मुलगा त्याच घरात वाढलेला, आता परदेशी. त्याची कॉलेजातली पुस्तकं एका कपाटात तशीच राहून गेली होती. लेक कामावर गेली की मला दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. कपाट उघडलं आणि हाताला लागलं ते संगणकांच्या जाळ्यांवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक.

आता सांगायला हवं की हाच विषय मी गोव्यातल्या एका तंत्रनिकेतनात पंचवीसेक वर्षं शिकवला. इंग्रजीतून, अर्थात. त्यामुळे रोमानियनचं एक अक्षर येत नसूनही आकृत्या बघून पान कशाविषयी आहे ते कळत होतं. बाबा लिसेवात शिकलेले, त्यांच्या पोर्तुगीजचे काही तुकडे माझ्या कानांत आहेत. दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी. एवढ्या भांडवलावर मी वाचायला बसलो, आणि तिसऱ्याच पानावर ती बाई पुन्हा भेटली. जाळ्याला जोडलेल्या संगणकाला इंग्रजीत आपण होस्ट म्हणतो ना, त्याला या पुस्तकात गाझ्दा म्हटलं होतं. खाली चेरी निवडत बसलेली ती, आणि इथं चौकोनात काढलेला हा, दोघांना एकच शब्द.

मराठीत होस्ट म्हणजे यजमान. पण आपल्याकडे बायका नवऱ्याला यजमान म्हणतात, तेव्हा वर्गात 'हा यजमान त्या यजमानाला पाकीट पाठवतो' म्हटलं असतं तर मागच्या बाकांवर हशा पिकला असता. मी तसं कधी म्हटलंच नाही.

पाकिटावरून आठवलं. जाळ्यावरून जाणारा मजकूर तुकडे करून पाठवायची कल्पना 1960 च्या दशकात दोघांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी त्या तुकड्यांना 'मेसेज ब्लॉक' म्हटलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डोनाल्ड डेव्हिस यांनी 'पॅकेट' म्हटलं, आणि ते पक्कं करण्यापूर्वी भाषेच्या जाणकारांना विचारून घेतलं की इतर भाषांत याचे भाऊबंद सापडतील ना. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. यंत्र अजून बनायचं आहे, आणि हा गृहस्थ परक्या भाषेतल्या माणसाच्या जिभेचा विचार करतोय. रोमानियनमध्ये तो शब्द झाला 'पाकेत'. आपलं पाकीट तर तयारच होतं, पैशांचं आणि पत्राचंही. तरी मी पंचवीस वर्षं 'पॅकेट'च म्हणत राहिलो. का, ते विचारू नका.

दुसरा भाऊबंद सापडला तो आणखी जवळचा. मजकूर गुप्त ठेवायला जी की लागते तिला पुस्तकात 'केये' होतं. म्हणजे किल्ली, लॅटिनच्या क्लाविसपासून आलेली. पोर्तुगीजने त्याच क्लाविसचं शाव केलं, आणि ते आपल्या किनाऱ्यावर उतरून चावी झालं. खाली जाऊन मी बाईंना माझ्या घराची किल्ली दाखवून 'चावी' म्हटलं. त्यांनी आपली दाखवून 'केये' म्हटलं. दोघांनी मान डोलावली. संभाषण तिथंच संपलं, पण छान संपलं.

रोमानियनला सगळे शब्द असे घरचेच मिळाले असं मात्र नाही. 1970 च्या आसपास त्यांनी फ्रेंच परवान्यावर फेलिक्स नावाचे संगणक बनवायला घेतले. फ्रेंच शब्द उचलायची सवय तर त्यांना आधीपासूनच. म्हणून फाइलला ते 'फिशियेर' म्हणतात, छापणाऱ्या यंत्राला 'इंप्रिमान्ता'. 1989 ला राजवट उलथली, मग इंग्रजीचा लोंढा आला. सर्व्हर, राऊटर, माउस, साइट तसेच्या तसे शिरले. फायरवॉलला विंडोजच्या रोमानियन आवृत्तीत 'पारावान दे प्रोतेक्त्सिये' असं नाव दिलं. पारावान म्हणजे खोलीत ठेवतात ते घडीचं आडोशाचं पार्टिशन. लेकीच्या ऑफिसात हा शब्द एकाच्याही तोंडी तिने ऐकलेला नाही. सगळे फायरवॉलच म्हणतात. सरकारी पत्रात 'संकेतस्थळ' लिहून तोंडाने वेबसाइट म्हणणाऱ्या आपण मंडळींनी त्यांना हसू नये.

गंमत व्याकरणात आहे. रोमानियनमध्ये इंग्रजीच्या 'द'चं काम शब्दाच्या शेपटीला लागतं, म्हणून सर्व्हरचा होतो 'सेर्वेरुल'. त्यांचं नपुंसकलिंगही आपल्यासारखं नाही. ती नामं एकवचनी पुल्लिंगी वागतात आणि अनेकवचनी स्त्रीलिंगी. म्हणजे एक राऊटर असला तर तो बुवा, दोन झाले की त्या बाया. परक्या शब्दाला असं आपल्या घरच्या चालीरीतीला लावलं की तो परका कसला? आपणही म्हणतो, राऊटरात बिघाड आहे, सर्व्हरवर टाक, पिंग मारून बघ. शब्द इंग्रजी, पण त्याला लागलेला 'आत' आणि 'वर' ज्ञानेश्वरांच्या घरचा. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो आणि ते नेहमी नाराज होतात.

या बाबतीत रोमानियनांनी पुस्तकाबाहेर जे केलं ते मला बाईंकडून कळलं. लेक दुभाषी. 1990 च्या दशकाच्या शेवटी आणि 2000 नंतरची काही वर्षं तिथल्या पोरांनी इमारतीइमारतींतून स्वतःच केबली ओढल्या. पोटमाळ्यावर स्विच ठेवायचा, गच्चीवरून समोरच्या इमारतीत तार टाकायची, वर्गणी काढून इंटरनेटची एक जोडणी घ्यायची आणि सगळ्यांत वाटायची. 'रेत्स्या दे कार्तिएर', मोहल्ल्याचं जाळं. पुढं मोठ्या कंपन्यांनी ही जाळी विकत घेतली, आणि रोमानियातलं घरगुती इंटरनेट युरोपातल्या वेगवानांत गणलं जाऊ लागलं, त्यामागं हेही एक कारण सांगतात. बाईंचा मुलगा सतराव्या वर्षी गच्चीवर चढत असे आणि ह्या खाली उभ्या राहून ओरडत असत. गडगडाट झाला की कुणाचं तरी नेटवर्क कार्ड जळायचं. पोरं बोलायची ती भाषा अर्धी पुस्तकाची, अर्धी इंग्रजी, वर थोड्या शिव्या. जाळं चाललं.

'प्रोटोकॉल' हा शब्द दोघांकडे एकच. मूळ ग्रीक, पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीला चिकटवलेल्या पानाचं नाव. पुढं तो राजदूतांच्या दरबारी गेला, आणि 1967 मध्ये डेव्हिस यांच्याच प्रयोगशाळेतल्या स्कँटलबरी आणि बार्टलेट यांनी एका टिपणात तो संगणकांच्या आपसातल्या बोलण्याला लावला. मराठीत दरबारी अर्थाला राजशिष्टाचार हा भारदस्त शब्द आहे. रोमानियनमध्ये त्याची एक वेगळीच छटा आहे. ऑफिसात पाहुणे आले की कॉफी, पाणी, बिस्किटं मागवतात, त्याचा हिशेब 'प्रोटोकॉलचा खर्च' म्हणून लिहितात. लेकीच्या ऑफिसात त्या सदरात बिस्किटांचा खप बराच आहे म्हणे.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग एका दुपारी टीसीपीचं प्रकरण उघडलं.

दोन संगणकांनी बोलणं सुरू करण्यापूर्वी तीन निरोप जावे लागतात. पहिला म्हणतो, बोलायचंय. दुसरा म्हणतो, ऐकलं, मलाही बोलायचंय. पहिला म्हणतो, तुझंही ऐकलं. सप्टेंबर 1981 च्या मूळ दस्तऐवजात हे आहे, 2022 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली तरी ही तीन पावलं तीच राहिली. इंग्रजीत याला म्हणतात थ्री-वे हँडशेक. रोमानियन पुस्तकात आकृती तीच होती, दोन उभ्या रेघा आणि मध्ये तीन तिरके बाण. खाली लिहिलं होतं, 'इंत्सेलेजेरे इन त्रेइ पाश'. इंत्सेलेजेरे म्हणजे समजणं आणि समझोता, दोन्ही. तीन पावलांची समजूत. आणि प्रत्येक निरोपाच्या उत्तराला, ज्याला आम्ही ॲक्नॉलेजमेंट म्हणतो, शब्द होता 'कॉन्फिर्मारे'. रजिस्टर पत्र पोचल्याची सही घेतात, त्या कागदाच्या नावात तिथं हाच शब्द आहे. टपालखात्याचा शब्द.

मराठीत याला पोच म्हणतात. पोचपावती. तो शब्द माझ्या आजीला माहीत होता.

1998 सालची तोंडी परीक्षा. समोर एक मुलगा, सत्तरीतला, म्हादईच्या काठच्या गावचा. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून नावाला इंग्रजी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थ्री-वे हँडशेक विचारला. तो थोडा चाचपडला आणि मग माझ्याकडे बघून बोलू लागला. "सर, पलतडीं मनीस उबो आसा. तो उलो मारता, तारयाऽ! तारी म्हणटा, आयकलें रे, रावतलो मरे? तो म्हणटा, रावतां, यो. मागीर होडें सुटता." परीक्षक गोव्याचेच, गालात हसले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मग तिसऱ्या निरोपाची गरज काय, दोनांत भागणार नाही का? मुलगा म्हणाला, "रावतां म्हणून आयकले बगर तारी वल्लें कित्याक मारतलो? पयलो उलो पडसाद आसूं येता, न्हय?"

तिसऱ्या पावलाचं नेमकं कारण हेच आहे. वाटेत रेंगाळलेला जुना निरोप उशिरा येऊन पोचला तर दुसऱ्या टोकाने तो नवा समजून उगाच तयारी करू नये, म्हणून. मूळ दस्तऐवजात मुख्य कारण म्हणून तेच दिलंय. त्या वर्षी बाकी चाळीस मुलांनी तीन निरोपांची नावं घडाघड म्हटली. पडसादाचं बोलला तो हा एकटा.

आणि मी म्हणालो, "इन इंग्लिश, प्लीज."

परीक्षकांची काही तक्रार नव्हती. बोललो मी. मला वाटलं, बाहेरच्या माणसासमोर आपल्या वर्गाची अब्रू जातेय. मुलाने 'सिंक्रोनाइझ'पर्यंत मजल मारली, 'ॲक्नॉलेजमेंट'वर जीभ अडकली, दोनदा प्रयत्न केला आणि गप्प झाला. पंचवीसपैकी उत्तीर्णाला दहा लागायचे. मी नऊ लिहिले. तो विषय राहिला, पुढच्या वर्षी त्याने नाव घातलं नाही.

क्लुजमध्ये ते पान उघडं ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. संध्याकाळी लेक आल्यावर तिला हे सांगितलं नाही. पुस्तक आवडलं एवढंच म्हणालो.

परत आल्यावर चवथ झाली, पाऊस ओसरला, आणि मी वाळपईला गेलो. तो सापडायला वेळ लागला नाही, त्या भागात घराघरांत केबल आणि इंटरनेट देणारा कोण ते दुकानदारांना ठाऊक असतंच. एका बेकरीबाहेर शिडी लावून उभा होता, केस विरळ झालेले. "सर, तुमी हांगा?" म्हणून उतरला, चहा सांगितला. चुलत्याचं होडं होतं, असं बोलता बोलता कळलं. आता तिथं पूल आहे.

मी त्याला रोमानियाचं पुस्तक सांगितलं, मोहल्ल्याची जाळी सांगितली. ती त्याला फार आवडली. गच्चीवरून केबल टाकायला परवानगी कुणाची घेत, गडगडाटाचं काय करत, असं बारकाईने विचारलं. मग मी तो शब्द सांगितला, तीन पावलांची समजूत. नऊ गुणांचं बोलायला म्हणून गेलो होतो. ते जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

त्याने थोडा विचार केला. "थंय न्हंय आसा, सर?"

"आसा," म्हटलं. "सोमेश तिचें नांव."

"मागीर बरोबर," तो म्हणाला, आणि केबलीचं टोक पक्कडीत धरून पुन्हा शिडी चढला. वरून टेस्टरचा दुसरा भाग माझ्या हातात दिला. आठही दिवे ओळीने पेटतात काय ते सांगायला मी खाली उभा राहिलो.