विळीला हिब्रूत काय म्हणतात?

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. 1969 साली अलिबाग सोडून इस्रायलमधल्या अश्दोदला आलो तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. थोरला चार वर्षांचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू, तोही मराठीत. सामानात सासूबाईंची विळी होती.

इथे आल्यावर उलपानमध्ये, म्हणजे नवख्यांच्या हिब्रूच्या वर्गात, बाईंनी बजावलं, की घरीही मुलांशी हिब्रूच बोला, नाहीतर ती शाळेत मागं पडतील. आम्ही ऐकलं. माझी हिब्रू बाजारहाटापुरती. तीत पोरांना रागवायला गेले की तीच फिदीफिदी हसायची. नवरा आणि मी मराठीत बोलायचो ते पैशाअडक्याचं आणि जावा-नणंदांचं, पोरांना कळू नये असं. त्या बाईंना तरी काय बोल लावायचा? कडी आम्हीच आतून घातली.

कोकणात नेमकं उलटं होतं. आमचे वाडवडील हिब्रू विसरले होते, शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. सणांना नावंसुद्धा मराठी. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. तिशा बेआव हा बिरड्याचा सण, वालाच्या बिरड्यावरून. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, तर 1846 सालीच मुंबईत मराठी अर्थासकट छापली होती. आता माझ्या घरात बिरड्याचा सण म्हटलं तर मान वर करणारं कुणी नाही.

गेल्या महिन्यात धाकटीची मुलगी सैन्यातून सुटली. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा करायचा होता. ती म्हणाली, "साव्ता," म्हणजे आजी, "मला शिकव." पोहे भिजवले, गूळ चिरला, वेलची कुटली. ती विळीवर बसली, एक पाय मुडपून, आणि खोबरं खवताना बोट कापून घेतलं. फडकं गुंडाळून पुन्हा बसली, हे मला आवडलं.

मग वही काढून लिहू लागली. विळीला हिब्रूत काय म्हणतात? काहीच नाही. मग 'विळी' असंच लिही म्हटलं, हिब्रू अक्षरांत. 'नारळ'ही तसंच. ती म्हणे 'नारल'. पाचदा म्हणवून घेतलं, जीभ काही वळेना. थोरला आतून ओरडला, "नारळ!" अगदी स्वच्छ. मी मराठीत विचारलं, आणखी काय आठवतं रे? त्यानं हिब्रूत उत्तर दिलं.

हिब्रूत ळ नाही. वहीत तिनं दोन्हीकडे लामेद, म्हणजे ल, घातलंय.