मागे राहिलेलं मूल

परवा आमच्या सोसायटीत एका घरी समाचाराला गेले होते. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला. आईवडिलांभोवती माणसं बसली होती. कुणी पाणी पुढं करत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. आणि धाकटी बहीण, जेमतेम चौदा वर्षांची, आत मोरीशी उभी राहून चहाचे कप विसळत होती. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला एकच वाक्य ऐकवून जात होता, "आता आईला तूच सांभाळायचं हं!"

मैत्रिणींनो, पन्नास वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं होतं, सातारच्या आमच्या घरात. म्हणून आज लिहायला बसले.

दादा माझ्याहून सव्वा वर्षानं मोठा. शाळेत एकच इयत्ता पुढं. दर जूनमध्ये त्याची पुस्तकं माझ्याकडे यायची आणि खाकी कव्हरवरचं त्याचं नाव खोडून मी माझं लिहायची. 1972 साली शाळेत नवा अभ्यासक्रम आला नि हे बंद झालं. दादा जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकडीत, मी नव्या दहावीच्या पहिल्या. म्हणजे मार्च 1975 मध्ये दोघांचीही एस. एस. सी. एकदमच! "गाठलंस की गं मला!" तो हसून म्हणायचा. आमची पैजही लागली होती. ज्याला कमी मार्क, त्यानं राजवाड्यावर भेळ द्यायची.

1974 च्या श्रावणात एका सकाळी दादा अंथरुणातून उठेना. आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहत होती. त्या दिवशी त्याची गणिताची चाचणी होती. मी दप्तर भरता भरता म्हटलं, "काही झालं नाहीये त्याला. चाचणी चुकवायची म्हणून नाटकं करतोय." दादा काही बोलला नाही. उठला, शाळेत गेला आणि संध्याकाळी पावसात भिजून, कुडकुडत घरी आला.

विषमज्वर निघाला. औषधं सुरू झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं खाणं बंद. नुसती पेज, मोसंबीचा रस, साबुदाण्याचं पाणी. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरू लागला म्हणून आम्ही सगळे जरा सैलावलो होतो. तेवढ्यात एका रात्री त्याच्या पोटात कळ उठली. नानांनी टांगा आणला. आतडं फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. सोळा वर्षांचा होता.

त्यानंतर आमच्या घरात दादाचं नाव निघेनासं झालं. आईला त्रास होईल म्हणून नाना काढत नसत, नानांना त्रास होईल म्हणून आई काढत नसे आणि दोघांना त्रास होईल म्हणून मी. त्याची सायकल ज्या दिवशी नानांनी कुणाला तरी देऊन टाकली, त्या दिवशीसुद्धा कुणी काही बोललं नाही. जेवायला पाट मांडताना चौथा पाट हातात यायचा, तो मी गुपचूप भिंतीला लावून ठेवायची.

आई माझ्या बाबतीत भित्री झाली. जरा शिंकले की थर्मामीटर. सहलीला नाही, पोहायला नाही, पावसात तर नाहीच नाही. मी हट्ट केला नाही. शहाणी मुलगी झाले. शाळेत मैत्रिणींच्यात खळखळून हसायची आणि घराचा जिना चढताना तोंड पुसावं तसं ते हसू पुसून टाकायची. भाऊ गेल्यावर आपल्याला हसू कसं येतं, याचीच लाज वाटायची. नवं परकर-पोलकं आवडलं तरी लाज, भूक लागली तरी लाज! आणि रात्री अंथरुणावर पडलं की ते वाक्य डोक्यात घुमायचं, 'नाटकं करतोय.' त्या दिवशी मी ते बोलले नसते, तर दादा घरी राहिला असता, भिजला नसता. मीच त्याला मारलं, अशी माझी पक्की खात्री होती.

वर्षभर सण नव्हते. दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं आली, ती झाकूनच राहिली. भाऊबीजेच्या संध्याकाळी आजीनं मात्र मला हाताला धरून गच्चीवर नेलं. बीजेची कोर अजिंक्यताऱ्याच्या बाजूला बुडायला आली होती. "भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं," ती म्हणाली. मी निरांजन धरलं आणि ढसाढसा रडले. आजी थांब म्हणाली नाही. "त्याला करंज्या फार आवडायच्या," एवढंच बोलली. त्या सबंध वर्षात माझ्याशी दादाविषयी बोललेलं तेवढं एक माणूस.

मार्चमध्ये परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी नानांनी पेढे आणले, देवापुढं ठेवले आणि माझ्या हातावर दोन दिले. दुसरा कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नोव्हेंबरात मी कॉलेजात असताना एक दिवस असा आला की, त्या दिवशी मी दादापेक्षा वयानं मोठी झाले. कॅलेंडरवर दिवस मोजून ठेवले होते मी. घरी येऊन कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कुणी विचारायला नको.

मग लग्न झालं, पुण्याला आले. 1993 मध्ये माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला विषमज्वर झाला. आई साताऱ्याहून धावत आली. डॉक्टर म्हणाले, "मऊ भात, वरण, केळं, सगळं द्या. उपाशी ठेवू नका." मी भात कालवून आईच्या हाती वाटी दिली. तिचा हात एवढा थरथरला की वाटी खाली पडली. ती तिथंच फरशीवर बसली.

"मी त्याला भाकरी दिली होती गं," ती म्हणाली. "फार मागे लागला होता. ताप उतरलाय म्हणून दुधात कुस्करून चार घास दिले. त्याच रात्री पोट दुखलं. माझ्या हातानं गेला माझा बाळ."

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं तिनं ते चार घास पोटात ठेवले होते. मीही खाली बसले आणि तिला चाचणीची गोष्ट सांगितली. ती माझ्याकडे बघतच राहिली. "वेडे, तुझ्या बोलण्यानं का ताप येतो? अंगात आधीच होता तो." "मग तुझ्या भाकरीनं तरी कसं होईल?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांसमोर बसवलं. त्यांनी शांतपणे समजावलं. या रोगात लहान आतड्याच्या शेवटी व्रण पडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांतला एखादा फुटू शकतो. नुसत्या पेजेवर ठेवलेल्यांचाही फुटायचा. चार घासांचा दोष नव्हता. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री कितीतरी वर्षांनी तिनं दादाचं नाव घेतलं. त्याच्या खोड्या सांगितल्या आणि माझा मुलगा अंथरुणात हसत हसत ऐकत राहिला. नाना तोवर गेले होते. टांगा आणायला उशीर केला, असं त्यांना वाटत होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

सावरायला त्रास होऊ नये म्हणून आपण गेलेल्याचं नाव टाळतो. पण त्या गप्प बसण्यात घरातला प्रत्येकजण आपापल्या जागी स्वतःला गुन्हेगार ठरवून बसतो. आणि पोरवयातलं मूल तर नक्कीच. त्याला 'आईला सांभाळ' म्हणू नका. ते मुलाचं काम नाही. त्याच्यापाशी बसा. भाऊ कसा होता, कशावरून भांडायचा, विचारा. 'तुझी काही चूक नव्हती' हे त्यानं न विचारताही सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. आणि ते हसलं, खेळायला गेलं, नव्या कपड्यासाठी हटून बसलं, तर त्याला ते करू द्या.

परवा मी उठून आत गेले, त्या मुलीच्या हातातला कप काढून घेतला आणि विचारलं, "तुझा दादा तुला काय म्हणून हाक मारायचा गं?"

ती थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "चिमटी." आणि मग सांगतच सुटली. कप मी विसळले.