भिंतीबाहेरून ऐकलेले गाणे

"फादर, शनिवारी गायकवृंदाच्या सरावाला येता येणार नाही. आमचा आवडता बँड मुंबईत येतो आहे." धर्मग्रामातील तरुणांकडून असा निरोप आला की पूर्वी आमच्या कपाळाला आठी पडत असे. आता पडत नाही. त्याचे कारण सांगायचे तर आमच्या हातून घडलेली एक चूक कबूल करावी लागेल. इतरांचे पापनिवेदन ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी अधूनमधून स्वतःचेही करावे.

१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. त्या दिवशी मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात गाणार होता. वीरा देसाई मार्गावरील ते मैदान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. आमचा धाकटा भाऊ तेव्हा वीस वर्षांचा. रविवारी तो चर्चमध्ये कीबोर्ड वाजवी आणि लग्नसराईत एका बँडबरोबर ड्रम. त्या मिळकतीतून त्याने तिकिटापुरते पैसे साठवले होते. आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो. वडील भेटायला आले असता त्यांनी आमचे मत विचारले. भावी धर्मगुरूच्या शब्दाला घरात नको तेवढे वजन आले होते. आम्ही म्हणालो, "तो सर्व संतांचा सण, आणि दुसऱ्या दिवशी मृतांचे स्मरण. अशा वेळी आपल्या घरच्या मुलाने चर्चमध्ये असावे की नाचगाण्यात?" वडिलांनी मान डोलावली. भावाने वाद घातला नाही, एवढेच पुढे आमच्या कानी आले.

आमच्या त्या उत्तरामागे थोडे पुस्तकी ज्ञानही होते. संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, उपासनेतील संगीताविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. त्यात चर्चमध्ये पियानो, ढोल व झांजा वाजवण्यास मनाई केली होती आणि बँडला तर सक्त मनाई. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांना दार उघडले. हे सारे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. मात्र दोन्ही लेखांचा विषय चर्चमधील उपासना हा होता, हे आमच्या ध्यानात राहिले नाही. उपासनेसाठी घातलेली शिस्त आम्ही भावाच्या तारुण्यावर लादली.

आणखीही एक गोष्ट आम्ही विसरलो. ज्या सुरांकडे आम्ही संशयाने पाहत होतो, त्यांतील कितीतरी सूर चर्चच्या अंगणातूनच बाहेर पडले होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर व्हायोलिन व स्वरलिपी शिकवली जाई. तिथून तयार झालेले वादक मुंबईला आले आणि त्यांनी हिंदी चित्रपटसंगीत समृद्ध केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली गोन्साल्विस यांनी आपला वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. तेव्हा श्रोते तिकीट काढून गेले असतील, त्यांनाही कोणी वडीलधाऱ्याने अडवले असेल काय?

२५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सनचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी आखाती देशात नोकरीस असलेल्या भावाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, त्या संध्याकाळी मी मिस्सा ऐकली आणि मग मैदानाकडे गेलो. भिंतीबाहेर उभा होतो. ड्रमचा ठोका छातीत जाणवत होता. आकाशात उजेड दिसत होता. आत काय होतं ते मात्र कळलंच नाही." त्याच्या स्वरात राग नव्हता. तो रागावला असता तर बरे झाले असते. त्या नाताळनंतर तो गायकवृंदातून हळूहळू बाहेर पडला होता, आणि आम्ही त्याचा दोष नोकरीच्या धावपळीला देऊन मोकळे झालो होतो.

गेल्या वर्षी, २१ जानेवारी २०२५ रोजी, नवी मुंबईत कोल्डप्ले या बँडचा कार्यक्रम होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेल्या चार मित्रांचा हा बँड. भावाची मुलगी इकडे आजीजवळ राहून शिकते. तिच्या मैत्रिणीचे येणे ऐनवेळी रद्द झाले. भावाने तिकडून कळवले, "तूच जा तिच्याबरोबर." साधा सदरा घालून आम्ही निघालो. वडाळ्याला गाडी बदलून नेरुळला उतरलो. फाटकावर प्रत्येकाच्या हाती एक मनगटी पट्टी दिली गेली. वादन सुरू झाले आणि हजारो मनगटे एकाच क्षणी उजळली. ड्रमचा ठोका छातीत जाणवला, आणि सर्वप्रथम भाऊच आठवला.

सगळेच आम्हांला रुचले असे नाही. उंचावलेले हजारो हात पाहून मनात शंका येऊन गेली: ही भक्ती नेमकी कोणाची? पण मग एका गाण्याआधी सर्वांनी मोबाईल खिशात ठेवावेत, अशी विनंती गायकाने केली. पडदे विझले. शेजारचे अनोळखी लोक एकमेकांकडे पाहून गाऊ लागले. पुतणीच्या डोळ्यांत पाणी होते. तिने आमचा हात धरला आणि म्हणाली, "फादरकाका, घरी ऐकताना असं होत नाही."

हे वाक्य आमच्या ओळखीचे होते. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा आम्ही रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करीत होतो आणि भाविक ती पडद्यावर पाहत होते. दारे पुन्हा उघडल्यावरही काहींना घरचा पडदाच सोयीचा वाटू लागला. त्यांना आम्ही कळकळीने सांगत आलो की पाहणे वेगळे आणि प्रत्यक्ष उपस्थित राहणे वेगळे. मिस्सा आणि गाण्याचा कार्यक्रम यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु देहाने, इतरांसोबत, एका जागी असण्याची ओढ देवानेच मानवाच्या ठायी ठेवली आहे. भावाजवळ कॅसेटी होत्या, त्याला गाणे कमी नव्हते. त्याला तेथे असायचे होते.

नेरुळ स्थानकातून आम्ही त्याला फोन केला. "आत काय होतं?" त्याने विचारले. गाडी येईपर्यंत आम्ही सांगत राहिलो. शेवटी, अठ्ठावीस वर्षे उशिरा, त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तिला नीट घरी पोहोचव."

पालकहो, मुलांनी परवानगी मागितली तर सोबत कोण आहे, परतायचे कसे, पैसे कोठून आणले, हे अवश्य विचारा. नाही म्हणायचे असेल तर जरूर म्हणा. मात्र त्या नकारावर सणाचे नाव घालू नका. ते नाव मुलांच्या मनात नकाराशी जोडले जाते आणि फार काळ तसेच राहते.

आमच्या गायकवृंदाचा त्या आठवड्याचा सराव आम्ही शुक्रवारी घेतला. सर्वजण आले.