डोळे आले की मेडिकलवालाच डॉक्टर

पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो : 'डोळे आलेत, कुठला ड्रॉप चांगला?' पाच मिनिटांत चार नावं हजर. त्यात एखादं स्टेरॉइडचं असतंच.

२०२३ च्या जुलैत आळंदी परिसरात साथ आली तेव्हाही हेच चाललं होतं. पुण्याच्या एनआयव्हीच्या तपासणीत ॲडेनोव्हायरस निघाला. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. बहुतेकांचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक बरे होतात. पण तेवढं थांबायला रजा कुठेय? स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, माणूस म्हणतो गुण आला. हर्पिसने लाल झालेल्या डोळ्यात तेच औषध गेलं तर मात्र बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जखम चिघळते. महिनोन्महिने टाकत राहिलं तर काचबिंदूची भीती. कायद्याने हे ड्रॉप चिठ्ठीशिवाय द्यायचेच नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठी मागितलेली मी तरी कधी ऐकली नाही.

आणि हो, नुसतं बघून डोळे येत नाहीत. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, बस्स. साथ पसरते हातांनी, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने. साबणानेच हात धुवा, सॅनिटायझरला हा विषाणू फारशी दाद देत नाही.

डोळा ठणकतोय, धूसर दिसतंय, उजेड सहन होत नाही, किंवा लेन्स वापरता? मग थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. कामवाल्या मावशींचे डोळे आले असतील तर पगार न कापता सुट्टी द्या. नाहीतर त्याही कोपऱ्यावरून तोच ड्रॉप घेऊन कामावर येणार.