आप्पांच्या तीन लिपी

माझे वडील, आमचे आप्पा, २०२३ च्या श्रावणात गेले. वय ९२ होते. आयुष्य पुरते जगून गेले, असे भेटीस येणारे म्हणत आणि ते खरेही होते. परंतु त्यांच्याबरोबर आमच्या घरातील उर्दू वाचणारा शेवटचा माणूस गेला, हे दिवसकार्य उरकून त्यांची पेटी उघडली तेव्हा ध्यानात आले.

आप्पांचा जन्म १९३१ चा. भालकी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दू, असा तो काळ. बाळबोध अक्षरे त्यांनी आईच्या पोथीवर बोट ठेवून उचलली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार रचनेत बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात आली. माझी आत्या उदगीरला दिलेली. बहीण-भाऊ एकाएकी दोन राज्यांचे रहिवासी झाले.

सीमाप्रश्नावर आमच्या ओसरीवर पुष्कळ वाद झडले. गावातील मराठी शाळा टिकली पाहिजे, हे आप्पांचे मत ठाम होते. मात्र शेवटी ते म्हणत, "पोटापाण्याची भाषाही लेकरांना आलीच पाहिजे." त्यांनी मला मराठी शाळेत घातले आणि संध्याकाळी कन्नडच्या शिकवणीला धाडले. त्या शिकवणीच्या बळावर मी कर्नाटक शासनाच्या महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक नोकरी केली.

आप्पा स्वतः अडत दुकानात मुनीम होते. निजामकाळचे जमिनीचे कागद उर्दूत असत आणि ते वाचणारे दिवसेंदिवस कमी होत गेले. खेड्यापाड्यांतील शेतकरी वाटणीपत्रे, पावत्या फडक्यात बांधून आमच्याकडे आणीत. आप्पा चष्मा पुसून सावकाश वाचीत व अर्थ सांगत. मोबदला कधी घेतला नाही. एखादा शब्द लागला नाही तर अंदाजाने सांगत नसत. "दुसऱ्याच्या शेताचा प्रश्न आहे, उद्या या," म्हणत आणि रात्री कंदिलापाशी तोच कागद घेऊन बसत.

१९९६ साली माझी मुलगी पहिलीत गेली. माझ्या सततच्या बदल्यांमुळे तिला भालकीलाच आजी-आजोबांजवळ ठेवले होते. शाळा कन्नड माध्यमाची. आप्पांना कन्नड बाजारापुरते बोलता येई, वाचता मात्र येत नसे. नातीचा अभ्यास आपल्याला घेता येऊ नये, हे त्यांना सहन होईना. वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी पाटी आणली आणि नातीशेजारी बसून कन्नड मुळाक्षरे गिरवू लागले. मराठीत ए आणि ओ यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, कन्नडात आहे. 'कोडु' मधला ओ आखूड ठेवला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. आप्पांनी पाणी मागितले की नात हसून म्हणे, "आबा, तुम्ही शिंग मागताय!" मग दोघे तो शब्द दहादा घोकीत.

पुढे ती शिक्षणासाठी धारवाडला गेली. तेव्हा दोघांत करार झाला : आबांनी कन्नडात लिहायचे, नातीने मराठीत. दोघेही एकमेकांच्या चुका दुरुस्त करून पत्र परत पाठवीत. मराठी शाळेची पायरी न चढलेली माझी मुलगी अशी मराठी लिहिती झाली. मी बाप असून जे मला जमले नाही, ते पोस्टाच्या पाकिटांतून आप्पांनी केले.

पेटीत ही पत्रे दोन गठ्ठ्यांत लावलेली सापडली. त्यांच्याखाली उर्दूतील जुन्या रोजनिशा होत्या. आम्हा कोणालाच त्या वाचता येईनात. बीदरच्या एका निवृत्त शिक्षकांनी काही पाने वाचून दाखवली. १ नोव्हेंबर १९५६ च्या पानावर राज्यांचा उल्लेखही नव्हता. दिवाळीचे दिवस होते. तुरीचा भाव, तेलाचा खर्च आणि भाऊबीजेला बहिणीस उदगीरहून आणावयाचे आहे, एवढेच लिहिले होते.

उरलेल्या रोजनिशा आपण स्वतः वाचणार, असे मुलगी म्हणते. तिने अलिफ-बे गिरवायला घेतले आहे. आपल्या वयाला आता हे जमेल का, अशी शंका तिने अद्याप काढलेली नाही. ६५ व्या वर्षी पाटी घेऊन शेजारी बसलेले आबा तिने पाहिले आहेत.