दोन आठ

अण्णांचा फोन आला तेव्हा ट्रक कसारा घाट उतरून गेला होता.

"ताई, तुमच्या स्क्रीनवर कंटेनर 'रवाना' दिसतोय. रॉटरडॅमच्या मॅडम म्हणतात, त्यांनी 'थांबवा' टाकलं होतं. मग ते गेलं कुठं?"

"त्यांनी सेव्ह केलं नसेल," मी म्हणाले. आमच्या धंद्यात तोंडातून पहिलं वाक्य हेच निघतं.

गोष्ट २०२३च्या फेब्रुवारीतली. नाशिकजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा डेटाबेस मी पुण्यात बसून सांभाळत होते. अण्णा तिथल्या पॅकहाऊसचे सुपरवायझर. कंटेनरमध्ये पाच-पाच किलोच्या पेट्या, शून्य अंशाच्या आसपास गार केलेल्या, न्हावाशेवा बंदराच्या वाटेवर. त्यातल्या एका प्लॉटच्या रेसिड्यू रिपोर्टवर, म्हणजे कीटकनाशकांच्या अवशेषांच्या अहवालावर, रॉटरडॅमच्या खरेदीदारानं शंका काढली होती. युरोपातल्या बऱ्याच सुपरमार्केटांच्या मर्यादा तिथल्या कायद्याहूनही कडक असतात, आणि माल तिकडे पोचून नाकारला गेला तर त्याला कुणी वाली नसतो. ट्रक भिवंडीच्या अलीकडे थांबवला तो ड्रायव्हरला फोन करून. माझ्या डेटाबेसचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

आमच्या डेटाबेसमधल्या टेबलाच्या दोन प्रती होत्या, एक मुंबईत, एक फ्रँकफर्टला. नाशिकचा ऑपरेटर मुंबईच्या प्रतीत लिही, रॉटरडॅमच्या मॅडम फ्रँकफर्टच्या प्रतीत, आणि दोन्ही प्रती एकमेकींना बदल कळवत. बहुतेक वेळा हे सेकंदाच्या आत होतं. आम्ही वापरत असलेल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये 'ग्लोबल टेबल' या नावानं ही सोय २०१७पासून आहे. पूर्वी अशी जुळणी हातानं करताना जीव मेटाकुटीला यायचा. आता रीजन, म्हणजे प्रत कुठं ठेवायची तो प्रदेश, निवडायचं, बटण दाबायचं, चहा पिऊन यायचं. इतकं सोपं झाल्यामुळेच मी त्यावर पुरेसा विचार केला नव्हता.

दोन प्रती कशासाठी, तर एक कारण अंतराचं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेतच साडेसहा हजार किलोमीटर, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. त्या अरबी समुद्रातून, तांबड्या समुद्रातून, इजिप्त ओलांडून जातात. एकदा विचारून उत्तर यायला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात. एक स्क्रीन भरायला डेटाबेसला आठ-दहा वेळा विचारावं लागलं की माणूस माऊस आपटायला लागतो. दुसरं कारण जीव वाचवण्याचं. २० ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनमध्ये याच डायनॅमोडीबीची डीएनएस नोंद रिकामी झाली आणि जगभरच्या कितीतरी सेवा आडव्या पडल्या. ज्यांच्या प्रती इतर रीजनांत होत्या, त्यांना तिथून काम चालू ठेवता आलं. फक्त व्हर्जिनियाच्या प्रतीशी होणारी देवाणघेवाण रेंगाळली. तेव्हा प्रती हव्यातच. भांडण प्रतींशी नाही.

रॉटरडॅमच्या मॅडमनी सेव्ह केलं होतं. टेबलातल्या प्रत्येक बदलाचा मागोवा स्ट्रीममध्ये चोवीस तास राहतो, तो मी त्याच रात्री उघडला. त्या कंटेनरच्या नोंदीचा आवृत्ती क्रमांक ७ होता. रॉटरडॅमला सकाळचे दहा-दहा, म्हणजे नाशिकला दुपारचे दोन-चाळीस. मॅडमनी 'थांबवा' निवडलं, फ्रँकफर्टच्या प्रतीनं तपासलं की आवृत्ती अजून ७च आहे, आणि ८ लिहिला. जेमतेम अर्ध्या सेकंदानं नाशिकच्या ऑपरेटरनं पेट्यांचा आकडा दुरुस्त करून 'रवाना' दाबलं. मुंबईच्या प्रतीनंही तपासलं. तिच्याकडे फ्रँकफर्टचा निरोप अजून पोचला नव्हता, म्हणून तिच्या दृष्टीनं आवृत्ती ७च होती. तिनंही ८ लिहिला.

एकाच नोंदीचे दोन आठ.

आवृत्ती तपासून लिहिण्याची अट मीच घातली होती, आणि दोघांत टक्कर होणारच नाही असं बैठकीत छातीठोकपणे सांगितलंही होतं. ती अट आपल्या रीजनपुरतंच पाहते, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचलेलं आणि उमगलेलं यांच्यामधलं अंतर त्या दिवशी नाशिक ते भिवंडीएवढं निघालं.

दोन प्रतींत टक्कर झाली तर काय, याचा नियम साधा आहे: ज्याची वेळ नंतरची, त्याचं खरं. शिवाय निवाडा पूर्ण नोंदीचा होतो, एकेका रकान्याचा नाही. मॅडमनी स्थिती बदलली आणि ऑपरेटरनं नुसता पेट्यांचा आकडा बदलला असता, तरी दोन्ही बदल एकत्र झाले नसते. एक नोंद राहिली असती आणि दुसरी गेली असती. फ्रँकफर्टच्या स्ट्रीममध्ये ते स्वच्छ दिसत होतं. वर 'थांबवा', खाली 'रवाना'. लाल अक्षर नाही, इशारा नाही. यंत्रानं सांगितल्याप्रमाणे काम केलं होतं. ज्याची वेळ नंतरची त्याचं खरं का मानायचं, हा प्रश्न यंत्राचा नव्हता, माझा होता, आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८च्या निबंधात दाखवून दिलं, की दोन ठिकाणच्या दोन घटनांमध्ये निरोपाची ये-जा झालेली नसेल, तर त्यांतली आधीची कोणती हा प्रश्न मुळात पक्का नसतो. गूगलनं स्पॅनर या आपल्या डेटाबेससाठी डेटा सेंटरांत जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली, तरी ती यंत्रणा वेळ सांगताना एक आकडा सांगत नाही. 'या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कुठंतरी' असा पट्टा सांगते, आणि तो पट्टा सरेपर्यंत थांबते. डायनॅमोडीबीतही २०२५पासून रीजनारीजनांत पक्की एकवाक्यता ठेवता येते, पण त्याला तीन रीजन लागतात आणि प्रत्येक लेखनाला दुसऱ्या रीजनच्या होकाराची वाट पाहावी लागते. थोडक्यात, थांबल्याशिवाय खात्री नाही. कुठं थांबायचं, एवढंच आपल्या हातात.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवरून जाताना भांडारकर संस्था लागते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथं १९१९मध्ये सुरू झालं आणि १९६६मध्ये पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. काश्मीरची शारदा लिपीतली प्रत एक सांगते, मल्याळी लिपीतली दुसरं. तिथं नंतरची प्रत खरी असा नियम लावला असता, तर अगदी अलीकडच्या लेखनिकाच्या डुलक्याही व्यासांच्या नावावर गेल्या असत्या. संपादकांनी एक पाठ वर घेतला आणि बाकीचे पाठभेद तळटीपांत जपले. निवाडा केला, पण हरलेला पाठ फेकला नाही. कुणाला तो निवाडा पटला नाही, तर त्याच पानावर त्याला दुसरा पाठ सापडतो. माझ्या टेबलाला तळटीप नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी पॅकहाऊसला गेले. अण्णांच्या टेबलावर तीन वह्या होत्या: आवक, पॅकिंग, गेटपास. आवकच्या वहीत वजनकाट्यावरचा मुलगाच लिहितो, पॅकिंगच्या वहीत लाइनवरच्या बाई, गेटपासवर फक्त अण्णांची सही. "एकच वही का नाही?" मी विचारलं. अण्णांना प्रश्नच कळला नाही. "मग चूक कुणाची ते कसं कळायचं?" ते म्हणाले, आणि बाहेर कुणीतरी क्रेट आपटले म्हणून ओरडायला उठून गेले.

परत येऊन मी ती नोंद फोडली. मालाच्या ओळी फक्त नाशिकनं लिहायच्या, हरकतीच्या ओळी फक्त रॉटरडॅमनं. जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी घालायची. हरकत ज्यांनी घातली, त्यांनीच उठवायची. दोन हात एका ओळीवर येतच नाहीत म्हटल्यावर टक्कर कसली? राहिला गेटपास. तो छापण्याआधी मात्र थेट फ्रँकफर्टच्या प्रतीला विचारायचं, आणि तिकडून उत्तर आलं नाही तर गेटपास नाही. दिवसाला पाच-सहा गेटपास निघतात. तिथं शंभर-दीडशे मिलिसेकंद कुणालाच जड नाहीत. गेटपासनंतर हरकत आली तर ती हरवत नाही, फक्त पूर्वीसारखा ड्रायव्हरला फोन करावा लागतो.

तेव्हापासून नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत मी रीजन किती, खर्च किती, हे विचारतच नाही. "दोघांनी एकदम लिहिलं, तर कुणाचं खरं धरायचं?" असं विचारते. "असं होत नाही हो मॅडम," असं उत्तर येतं. मग मी दोन आठांची गोष्ट सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही, माझं सांगते.

पुढच्या हंगामात, २०२४मध्ये, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून चालली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच समुद्रातल्या काही केबलही तुटल्या. आमच्या पेट्या आणि आमच्या नोंदी इतकी वर्षं एकाच वाटेनं जात होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. केबल तुटली की निरोप दुसऱ्या वाटेनं जातात, वाट लांबते. निरोप पोचायला लागणाऱ्या उशिराचा, लॅगचा, आलेख मी दिवसातून चारदा उघडून बघत होते.

अशाच एका दुपारी अण्णांचा फोन आला.

"ताई, गेटपास निघत नाही. रॉटरडॅमची हरकत दाखवतंय. पेट्यांचा आकडा पण बरोबर आहे. ट्रक उभा आहे."

"उभाच राहू द्या," मी म्हणाले.